भरमाण्णांचे आकडे

भरमाण्णांनी पहिल्याच दिवशी मला दारात अडवलं. मी नवी अभिरक्षक, बडोद्याहून संग्रहालयशास्त्र शिकून आलेली, गळ्यात ओळखपत्र आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. ते भांडारातले मदतनीस, पगारपत्रकात माझ्यापेक्षा पाच ओळी खाली. मी कुलूप काढून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "उभं ऱ्हावा जरा, अक्का."

"का हो?"

"तुमी वाटंतनं पावसाची हवा घेऊन आलासा. ती इथंच सोडा. पदर वाळूद्या. मग या की आत, कोण नगं म्हणतंय?"

मग त्यांनी दार वीतभर उघडलं, उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, बोटं पसरली आणि डोळे मिटून क्षणभर तसेच उभे राहिले. "अडुसष्ट," म्हणाले. दहा मिनिटांनी मला आत सोडलं तेव्हा मी थेट भिंतीवरच्या आर्द्रतामापकापाशी गेले. काटा एकोणसत्तरवर होता. हवेत ओल किती टक्के, हे सांगणारं ते यंत्र मी शिकून आले होते. हात घालून ओल सांगणारा माणूस अभ्यासक्रमात नव्हता.

आमचं संग्रहालय धारवाडात, केलगेरीच्या बाजूला, एका कौलारू बंगल्यात आहे. एका संस्थेनं चालवलेलं, लहानसं, शाळांच्या सहली सोडल्या तर कुणी फारसं न फिरकणारं. पुढच्या तीन खोल्यांत मांडणी, आणि मागच्या लांबट खोलीत भांडार, म्हणजे मांडून न ठेवलेल्या वस्तूंची जागा. ताडपत्रांच्या पोथ्या, कशिद्याची इरकली लुगडी, कातडी बाहुल्या, रंगवलेलं लाकूडसामान. या सगळ्यांना चोरापेक्षा हवेची भीती जास्त. आमच्याकडे पावसाळ्यात महिना महिना झिमझिम चालते आणि एप्रिलात ओठ फुटतात. लाकूड ओलीत फुगतं, कोरडीत आकसतं, आणि त्याच्यावरचा रंग बिचारा दोन्हीकडून ओढला जातो.

"ओल मारत न्हाई, अक्का," भरमाण्णा म्हणायचे. "अचानक मारतंय." पंच्याहत्तर टक्के ओलीत वर्षानुवर्षं राहिलेली वस्तू तिथे सुखी असते. तिला एका दिवसात पन्नासात आणून बसवलं की तिचा जीव जातो. माझ्या जाडजूड पुस्तकात हेच एका अख्ख्या प्रकरणात लिहिलं होतं, आणि ते वाचायला मला एक सत्र लागलं होतं.

त्यांचं मूळ गाव अळणावरच्या पलीकडे. घरची थोडी भातशेती. लहानपणी घरात भाताची कणगी होती, शेणानं लिंपलेली. त्यांची आई रोज सकाळी कणगीत कोपरापर्यंत हात घालून बघायची. दाण्याला ओल लागली की तो आतल्या आत तापतो, आणि वरून काही दिसायच्या आधी हाताला कळतं. "आईनं हात घातला की आमी सगळी गप बसायचो. ती 'बरं हाय' म्हणाली की मग जेवण." एवढंच त्यांनी मला त्यांच्या बालपणाबद्दल सांगितलं. धारवाडला कसे आले, संग्रहालयात कुणी चिकटवलं, मुलं किती शिकली, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मी त्या काळात फक्त स्वतःचंच सांगत असे.

माणूस उंच, वाळका, आणि अतिशय कोरडा. म्हणजे खरोखरच कोरडा. डोक्याला तेल नाही, कारण बोटांना लागतं आणि बोटांचं वस्तूंना लागतं. तंबाखूची सवय होती, पण चंची रोज सकाळी फाटकावरच्या वॉचमनकडे ठेवायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. मधल्या आठ तासांत तिची आठवण आली की दर वेळी नळावर जाऊन चूळ भरत. माणसांचे त्यांनी दोन वर्ग केले होते, ओली आणि कोरडी. दुपारी जेवून घाम पुसत येणारे ओले. सायकलीवरून आलेले ओले. शाळेची मुलं तर, "चाळीस पोरं म्हंजे चाळीस घागरी पाणी." सहल येऊन गेली की पुढच्या खोल्यांच्या खिडक्या किती वेळ आणि किती बोटं उघडायच्या, हे ते ठरवायचे, आणि त्यात संचालकसुद्धा बोलत नसत.

संस्थेचे कार्यवाह एकदा भर पावसात भांडार बघायला आले. मोठे गृहस्थ, शहरात वजन असलेले. भरमाण्णांनी त्यांची छत्री घेतली, बूट काढायला लावले, आणि मग मोज्यांकडे बघत उभे राहिले. कार्यवाहांनी कन्नडमध्ये विचारलं, आता काय राहिलं? भरमाण्णा म्हणाले, "मोजे ओले हायत, सायेब. तुमचं पाय चालतील." कार्यवाह अनवाणी आत गेले. बाहेर आल्यावर ते माझ्याकडे बघून हसले खरे, पण ते हसू काही मनापासूनचं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी फार गंमत वाटली होती.

रोज चार वाजता मागच्या पडवीत भरमाण्णा गॅसच्या शेगडीवर एक पसरट तवा ठेवून निळे खडे भाजत. हे ओल शोषणारे खडे. कपाटांत पुरचुंड्या करून ठेवायचे. कोरडे असले की निळे, पाणी प्याले की गुलाबी. गुलाबी झाले की पुन्हा भाजून निळे करायचे. लांबून बघणाऱ्याला वाटे शेंगदाणे भाजतायत. कचेरीतल्या एका नव्या कारकुनानं एकदा हात पुढे केला, "अण्णा, मूठभर इकडं पण." भरमाण्णांनी उलथनं थांबवलं. "घ्या की," म्हणाले, "पर पोटातलं सगळं पाणी प्यालं तर मला इचारू नका." तव्याच्या कानाला त्यांनी लाल दोरा बांधला होता, कुणी चुकूनही त्यात काही शिजवू नये म्हणून, आणि रोज कामानंतर तो स्वतः कपाटात कुलूपबंद करत.

आणि खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या हत्यारांची पूजा करतो, ट्रकवाल्यापासून शिंप्यापर्यंत. संग्रहालयात हत्यारं म्हणजे पेटीतल्या जुन्या तलवारी, असं सगळ्यांनी धरलेलं. दरवर्षी कुणीतरी हळद, कुंकू, झेंडूच्या माळा घेऊन यायचं, आणि दरवर्षी भरमाण्णा पेटीसमोर आडवे उभे राहायचे. "फुलात पाणी असतंय, पाण्यात किडं येतंय. ह्या तलवारीनं आता कोण मारायलंय? आमचं हत्यार ते न्हवं." मग ते भिंतीवरचं यंत्र काढून आणायचे, पाटावर ठेवायचे, त्याच्या पुढ्यात कागद पसरायचे आणि हळदकुंकू त्या कागदावर वाहायचे. यंत्राला बोटसुद्धा लागू द्यायचे नाहीत. त्या यंत्रात माणसाचा केस ताणून बसवलेला असतो. ओलीनं केस लांबतो, कोरडीनं आखडतो, आणि काटा हलतो. दर सोमवारी ते त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून 'आंघोळ' घालत आणि काटा पंच्याण्णवच्या वर जातो का बघत. गेला की समाधान. "केस बाईचा हाय म्हंत्यात," एकदा मला म्हणाले, "कुठली बाई काय की. पर खोटं सांगत न्हाई."

सकाळी दहा आणि दुपारी चार, दोन वेळा ते आकडा टिपायचे. आधी हात घालून एक आकडा स्वतःशी म्हणायचे, मग यंत्र बघायचे, आणि लिहायचे मात्र यंत्राचा. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. आम्ही तिला कच्ची वही म्हणायचो, कारण पक्की नोंद मी संगणकात करायची. शिसपेन्सिलीनं, कन्नड आकड्यांत, एकही दिवस न चुकवता. रविवारीसुद्धा येऊन टिपत. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही दहाचा आकडा टिपून मग ते मांडवात गेले, असं वॉचमन सांगायचा.

इथपर्यंत लिहिताना हात भराभर चालला. पुढचं लिहायचं टाळून मी मघाशी दोनदा चहा केला.

आमचं घराणं मूळ सांगलीकडचं. हुबळीत दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. बाबा ठाणाची चांगली घडी नेहमी वर ठेवायचे, डागाची आत. त्यात त्यांना लबाडी वाटत नसे, मांडणी वाटे. मी लहानपणापासून ते बघत आले आणि आपण दुकान सोडून विद्येच्या मार्गाला लागलो, म्हणजे त्यातून सुटलो, असं समजत होते.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मोठ्या अनुदानासाठी अर्ज करायचा होता. त्यासोबत भांडारातल्या आर्द्रतेच्या वर्षभराच्या नोंदी हव्या होत्या. ती पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान राहावी, अशी अपेक्षा पत्रकात लिहिली होती. भरमाण्णांच्या वहीत जुलै म्हणजे चौऱ्याहत्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. मी संगणकापुढे बसून ते आकडे चढवत होते. एका दिवसाच्या शहात्तरचे मी छप्पन केले. एकच आकडा बदलला. काही झालं नाही. मग आठवड्याचे बदलले, मग सगळा पावसाळा. एप्रिलातले तिशीतले आकडे वर उचलले. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून मधूनमधून एखादा एकसष्टही ठेवला. तेवढी हुशारी होती. मनाला सांगितलं, अनुदान आलं की भांडारात ओल ओढणारं यंत्र बसेल, आणि मग हे आकडे खरेच होणार आहेत. मी फक्त जरा आधी लिहितेय.

पानाच्या तळाशी 'नोंद घेणारे' असा रकाना होता. तिथे मी लिहिलं, भरमा गावडे.

"पाठवलासा काय, अक्का?" त्यांनी विचारलं.

"पाठवलं."

"म्हंजे मशीन येणार." आणि त्या संध्याकाळी त्यांनी भांडारात कोपऱ्यातलं एक कपाट सरकवून त्या यंत्रासाठी जागा करून ठेवली.

अनुदान आलं. पण यंत्र आलं नाही. कार्यवाहांनी बैठकीत माझाच कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, भांडाराची स्थिती उत्तम आहे, तिथे पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा पुढे एक वातानुकूलित दालन करू, काचेच्या मोठ्या पेट्या करू, लोकांना दिसेल असं काहीतरी. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? भांडारातल्या त्या रिकाम्या जागेवर भरमाण्णांनी पुढे वर्षभर काही ठेवलं नाही.

नव्या दालनात मधोमध ठेवायला एक पाळणा निवडला होता. कलघटगीचा, लाखेच्या रंगांचा, लाल, पिवळा, हिरवा, चारी बाजूंच्या फळ्यांवर देवांची चित्रं. दाजीबानपेठेत आमच्या शेजारच्या दुकानदारांच्या घरचा. त्या घरातल्या आजी बाबांच्या ओळखीच्या. माझ्याच शब्दावर त्यांनी तो संग्रहालयाला दिला होता. दोन वर्षं तो भांडारात भरमाण्णांच्या देखरेखीखाली होता. उद्घाटन जुलैअखेर ठरलं. आठ दिवस आधी कार्यवाह आले आणि म्हणाले, पाळणा आजच पेटीत बसवा.

भरमाण्णा म्हणाले, "आज नगं, सायेब. आत पंच्याहत्तर हाय, तुमच्या पेटीत पन्नास. तीन आठवडं द्या मला. पैलं पडवीत ठेवतो, सुती कापडात गुंडाळून. मग कार्यालयात. मग दालनात, पेटीच्या भाईर. हळूहळू नेतो."

"पंच्याहत्तर कुठलं?" कार्यवाहांनी हातातली फाईल उघडली. गेल्या जुलैत चौपन्न, पंचावन्न. यंदा एकदम पंच्याहत्तर कसं होईल? "कागददाग सरी ऐतल्ल?" कागदावर तर ठीक आहे ना? हे त्यांनी भरमाण्णांना विचारलं नाही. मला विचारलं.

भरमाण्णाही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा संशय नव्हता, नुसती वाट बघणं होतं. अक्का आता सांगेल, असं. अक्का म्हणाली, "यंदा यंत्राचा केस जरा सैल झाला असेल."

मी त्या वाक्याचा हिशेब किती वेळा केलाय! मी म्हणू शकले असते की तीन आठवडे थांबू. म्हणू शकले असते की माझी चूक झाली. दोन्ही न म्हणता मी त्या केसावर ढकललं, ज्याला हा माणूस दर सोमवारी आंघोळ घालत होता. दोन सुतारांना हाताशी घेऊन भरमाण्णांनी पाळणा स्वतः उचलला, आणि त्या चाळीस पावलांच्या वाटेवर चार ठिकाणी थांबून, टेकवून, परत उचलून, काचेच्या पेटीत नेऊन ठेवला.

उद्घाटन झालं. भाषणं झाली. नवव्या दिवशी सकाळी पेटीच्या तळाशी लाल पिवळ्या पापुद्र्यांचा सडा दिसला. लाखेचा रंग कडेकडेनं उचलून आला होता, आणि डोक्याकडच्या फळीला बोटभर लांब चीर गेली होती. देवांपैकी एकाला चेहराच उरला नव्हता. हुबळीहून आजी आल्या. त्यांनी ओरडा केला नाही. काचेला हात लावून म्हणाल्या, "आमच्या घरात साठ वर्षं पोरं लाथा मारत होती की गं ह्याला. काही झालं न्हवतं." मी तेव्हा उत्तर दिलं ते, "चौकशी करतो आम्ही."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी भरमाण्णा माझ्या टेबलापाशी आले. हातात सुती फडक्यात बांधलेली कच्ची वही होती. "उद्या लागंल," म्हणाले. "तुमच्याकडं असू द्या. माझ्या हातात बगितली तर म्हंतील, रात्री बसून लिवली." मी म्हटलं, "मी आणते, अण्णा. तुम्ही काळजी करू नका." हे वाक्य मी खरोखरच उच्चारलं. वही खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पाच माणसं होती आणि दाराशी भरमाण्णा उभे. कार्यवाहांनी माझा कागद वाचला. भांडार चौपन्न, दालन पन्नास. फरक चारचा. म्हणजे हवेचा दोष नाही. मग उरलं काय? उचलणं, नेणं, ठेवणं. हात. शेवटी त्यांनी तळाचा रकानाही वाचला. "नोंद घेणारे, भरमा गावडे. म्हणजे आकडे तुमचेच आहेत."

भरमाण्णांनी कागदाकडे बघितलं. तिथून कागद काही दिसत नव्हता. मग त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं, तीत वही मावेल का हे जोखल्यासारखं. पिशवी सपाट होती. ती नजर मग वर माझ्या तोंडाकडे आली नाही, पिशवीवरूनच परत फिरली. मी तेव्हा पेनचं टोपण उघडबंद करत होते. माझ्या मनात काय चाललं होतं, हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी हिशेब करत होते की वही बाहेर काढली तर अनुदान परत द्यावं लागेल का, माझी नोकरी जाईल का, बाबांना शेजारच्या आजींसमोर काय तोंड दाखवता येईल. भरमाण्णांचं काय होईल, हा त्या हिशेबात शेवटचा मुद्दा होता आणि तिथपर्यंत पोचायच्या आत बैठक संपली.

"काही सांगायचं आहे?" कार्यवाहांनी विचारलं.

"न्हाई," भरमाण्णा म्हणाले. "पाळणा मीच उचललो."

नोकरी गेली नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, तेवढी दया दाखवली. आदेश असा निघाला की भरमा गावडे यांनी यापुढे कोणत्याही वस्तूला हात लावू नये, भांडारात प्रवेश करू नये, आणि दर्शनी दरवाजावर बसावं. आदेशाचा मसुदा मला करायला सांगितला. मी केला. खाली सही माझी.

दोन वर्षं ते दरवाजावर स्टुलावर बसले. लोकांच्या चपला रांगेत लावायचे, छत्र्या घ्यायचे, वह्यांत सह्या घ्यायचे. तक्रार नाही. चार वाजले की मात्र बसल्याजागी अस्वस्थ व्हायचे, उठून पायऱ्यांपर्यंत जायचे आणि परत यायचे. माझ्याशी बोलणं थांबवलं नाही, पण त्या बैठकीनंतर मी 'अक्का' राहिले नाही, 'मॅडम' झाले. एखाद्या दिवशी त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तेवढी सोय त्यांनी मला केली नाही.

निरोपसमारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणे. त्यांच्या प्रामाणिकपणावर बोलले.

त्यांच्यामागून भांडारात जो पोऱ्या लागला, तो आकडा यंत्रावरचा वाचत असे की मनातला, हे मी कधी तपासलं नाही. मला तो अधिकार उरलाय असं वाटत नव्हतं. पुढे कार्यवाह बदलले. नव्या कार्यवाहांना मी एकदा धीर करून सगळं सांगितलं, कच्ची वही समोर ठेवली, तो आदेश मागे घ्या म्हटलं. ते सज्जन आहेत. त्यांनी दोन पानं उलटली, कन्नड आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माणूस निवृत्त झाला, मॅडम. आता हे उकरून संस्थेचं नाव कशाला घालवायचं?" मी मान हलवली. मान हलवण्याची मला चांगली सवय आहे. आदेश फायलीत तसाच आहे.

गेल्या जुलैत भरमाण्णा आले. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. अजून ताठ, फक्त जास्त वाळलेले. छत्री बाहेर टेकवली, पाय पुसले, माझ्या कार्यालयात खुर्चीच्या कडेवर बसले. पत्रिकेवर अक्षता होत्या. त्या त्यांनी टेबलावर सांडू न देता परत मुठीत गोळा केल्या आणि खिशात टाकल्या. नात बँकेत आहे, नवरा मुलगा रायापूरचा, कारखान्यात आहे, असं सांगितलं. मग बोलायचं संपलं.

मला एकदम काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. म्हटलं, "अण्णा, भांडार बघायला चला. मशीन आलंय."

ते उठले. लांबट बोळातून माझ्यामागे चालत आले. दारापाशी चपला काढल्या. मी कुलूप काढलं, दार पुरतं उघडलं आणि आत जाऊन वळले, तर ते उंबऱ्याच्या बाहेरच.

"या ना आत."

"नगं, मॅडम. आदेश हाय."

"अण्णा, आता कसला आदेश? मी सांगतेय ना."

"तुमच्याच सहीचा हाय की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रजेच्या अर्जाबद्दल बोलावं तसं बोलले. "ऱ्हाऊद्या. हितनं दिसतंय."

ते बाहेरून बघत राहिले. कपाटांच्या रांगा, पोथ्यांच्या पेट्या, आणि मागे पांढऱ्या कापडाखाली तो पाळणा, जो परत पुढे मांडायचं धाडस कुणी केलं नाही. हात त्यांनी दाराच्या चौकटीच्या अलीकडे ठेवला होता. आत घातला नाही.

"आत किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीकडे वळले. आता तिथे नवं यंत्र आहे, बॅटरीवर चालणारं, आकडे लाल उजेडात दाखवणारं. पहाटेपासून वीज गेली होती, ओल ओढणारं मशीन तेव्हापासून बंद, त्याची पाण्याची बादली काठोकाठ भरलेली. माझ्या तोंडावर अठ्ठावन्न आलं होतं. खरंच आलं होतं, इतक्या वर्षांनी, त्या माणसापुढे, काही गरज नसताना. मी ते गिळलं.

"एकाहत्तर," मी म्हटलं.

त्यांनी वाकून एक चप्पल पायात सरकवली, भिंतीला हात टेकून दुसरी सरकवली.

"तसंच लिवा मग, मॅडम," ते म्हणाले आणि बोळातून छत्रीकडे चालू लागले.